घरच्या लग्नाच्या कॅसेटी जपायच्या कशात : डिस्क, हार्ड डिस्क की क्लाउड?

खानापूरकर : थोरल्या ताईच्या लग्नाची 1997 ची व्हीएचएस कॅसेट आहे. हळदीला आजी जात्यावर ओव्या म्हणते. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी! बेळगावात साफ करून डिजिटल करून घेतली. आता ती एम-डिस्क ब्लू-रेवर, म्हणजे खूप वर्षं टिकावी म्हणून बनवलेल्या खास डिस्कवर, लिहून ठेवावी असं माझं ठाम मत आहे. साध्या डीव्हीडीत रसायनाचा रंग असतो, तो कालांतरानं उडतो. एम-डिस्कचा थर तसा नाही. शिवाय एकदा लिहिलं की कुणाच्या हातून चुकून पुसलं जात नाही.

निपाणीकर : नाही पटत. डिस्क टिकेल हो, पण ती वाचायला ड्राइव्ह कुठला आणणार? फुनाई या जपानी कंपनीनं 2016 ला व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचं यंत्र, बनवणं बंद केलं. सोनीनं फेब्रुवारी 2025 पासून कोऱ्या ब्लू-रे डिस्क बंद केल्या. नव्या लॅपटॉपला तर डिस्क घालायची खाचच नसते. त्यापेक्षा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्क घ्या, दर दिवाळीला जोडून फाइल उघडून बघा, चार-पाच वर्षांनी नव्यावर उतरवा.

खानापूरकर : आणि एखाद्या दिवाळीला राहून गेलं तर? माझी एक हार्ड डिस्क टेबलावरून पडली, बारशाचं सगळं चित्रीकरण गेलं. अजून जिवाला लागतं.

कृष्णाकाठचा : वस्तू कुठलीही घ्या, ठेवता कुठं ते आधी बोला. ऑगस्ट 2019 च्या पुरात आमच्या चिकोडी भागात घरात पाणी शिरलं. आमच्या दोन्ही प्रती एकाच लोखंडी कपाटात होत्या. दोन्ही गेल्या. एक प्रत परगावीच पाहिजे.

शहापूरची सून : म्हणूनच क्लाउड बरं, फाइल इंटरनेटवरच ठेवायची.

निपाणीकर : ताई, जोडीला असू दे, पण त्याच्यावरच भिस्त नको. गुगलचं खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गुगलवाले ते पुसू शकतात. पासवर्ड घरात अजून कुणाला माहीत आहे का?

शहापूरची सून : नाही, तेवढं खरं. आजच मुलीला लिहून देते. पण खानापूरकर दादा, एक सांगू? आजीच्या ओव्यांचा आवाज वेगळा काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवा, आणि ताईंना शेजारी बसवून शब्द वहीत उतरवून घ्या. जात्याच्या घरघरीत निम्मे शब्द ऐकू येत नसतील, ते त्यांनाच आठवतील.

खानापूरकर : तिसऱ्या ओवीत खरंच काही कळत नाही. रविवारी ताईकडं जातो. डिस्क मात्र मी लिहिणारच.