'वनवास' की 'अज्ञातवास'?

प्रश्न (बेळगाव): खानापूर तालुक्यातल्या एका मुलावर कथा लिहिते आहे. तो लंडनमध्ये हॉटेलच्या भटारखान्यात राबतो. व्हिसा कधीच संपलाय, कामावर दुसऱ्याच नावाने वावरतो. गावात आई शेजारणीला म्हणते, "पोराचा वनवास काय सरंना बघ." मैत्रीण म्हणते, इथे 'अज्ञातवास' हवा. एवढा फरक आहे का?

उत्तर (निपाणी): आहे, ताई, आणि तुमच्या कथेचा जीव त्याच फरकात आहे. पांडवांना १२ वर्षं वनवास, १३ वं वर्ष अज्ञातवास. वनात ते पांडव म्हणूनच राहिले. ऋषी भेटायला येत, कृष्ण येऊन गेला. विराटाच्या घरी मात्र नावंच टाकावी लागली. युधिष्ठिर कंक झाला, द्रौपदी सैरंध्री. ओळख पटली तर पुन्हा १२ वर्षं वनात. कागदपत्रं नसलेला माणूस दारावर थाप पडली की दचकतो, ती भीती हीच. आणि भीम तिथे कोण होता? बल्लव, मुदपाकखान्यातला आचारी! लग्नाच्या पंगतीत आपण 'बल्लवाचार्य' सहज म्हणतो, त्यामागचं लपणं आठवत नाही. मुलाला कथेत एकदाच 'बल्लव' म्हणा. खुलासा नको.

उत्तर (खानापूर): बल्लव पटला. पण आईच्या तोंडचा वनवास बदलू नका. आमच्याकडे बायका हा शब्द संसारातून उचलतात. "काय गं हा वनवास" म्हणजे न सरणारे हाल, त्यात वन नसतं. शिवाय मुलगा नाव बदलून राहतो हे तिला ठाऊक नसेल, तर ती अज्ञातवास म्हणेल कशी? मला आधी 'परागंदा' सुचला होता. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला. पण त्यात परतीची मुदत नाही, आणि ही आई तर दिवस मोजत बसली आहे. वनवासाला मुदत असते. रामालाही १४ वर्षंच होती.

प्रश्नकर्ती: मग आईचा वनवास राहू दे. शेजारीण कन्नड आहे. कन्नडमध्येही हे दोन्ही शब्द असेच आहेत, आणि पाऊस लांबला की विराटपर्व वाचायची तिकडे प्रथा आहे. त्या वाचनाला बसलेली बाई आईचं ऐकून हळूच म्हणेल, "वनवास नव्हे, अज्ञातवास." आईच्या मुलानेच या शेजारणीला फोनवर खरं सांगितलेलं असेल.