फातोर्ड्याला मुंबई सिटीची जर्सी घालून यावं का?

निळा_डोंबिवलीकर:
पुढच्या महिन्यात एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी ही फुटबॉलची मॅच बघायला पहिल्यांदाच मडगावला, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर येतोय. मी, धाकटा भाऊ आणि ऑफिसातला एक जण. अंधेरीच्या मैदानाबाहेर कधी मॅच पाहिलेली नाही. निळी जर्सी घालून आलो तर काही त्रास? मॅच साडेसातची आहे, संपल्यावर परतीची गाडी मिळेल का? भाऊ म्हणतो कळंगुटला राहू, बीचही होईल.

फातोर्ड्याचा_शेजारी:
भावाला आधी नकाशा दाखव. कळंगुट मांडवीच्या पलीकडे, आम्ही जुवारीच्या अलीकडे. मॅच सुटल्यावर रात्री दहाला टॅक्सीवाला जो आकडा सांगेल तो ऐकून बीच आपोआप विसरेल. ओला-उबर इथे शोधत बसू नका. मडगावातच राहा.

कोकणकन्या एक्सप्रेस मडगावहून संध्याकाळीच सुटते, तेव्हा ती हातची गेली. दुसऱ्या दिवशी सकाळची मांडवी एक्सप्रेस धरा, वाटेत खायलाही बरं मिळतं. स्टेशनवरून एकटा माणूस असेल तर पायलट, म्हणजे आमची मोटारसायकल टॅक्सी. तिघं असाल तर रिक्षा. पैसे बसायच्या आधी ठरवायचे. कदंब बसस्टँडवर उतरलात तर तिथून चालत या, भगव्या जर्सीवाल्यांच्या मागे लागलं की वाट विचारावी लागत नाही.

जर्सी खुशाल घाला. फक्त बसायचं कुठे ते तिकीट काढतानाच बघा. आमच्या बाजूच्या स्टँडात निळं घालून बसलात तर मारणार कोणी नाही, पण नव्वद मिनिटं कोकणीत आरती ऐकाल. पॉवर बँक, बाटली, हेल्मेट आणू नका. मी एकदा गेटवर चांगली पॉवर बँक सोडून आत गेलोय. परत आलो तेव्हा अर्थातच नव्हती.

दारूचं एक स्पष्ट सांगतो. मुंबईचा प्रेक्षक गोव्यात उतरला की त्याला वाटतं दुपारपासून सुरू करायलाच हवं. इथे फुटबॉल ही सुट्टीतली गंमत नाही रे. चर्चमागच्या मैदानावर दोन गावांची मॅच असली तरी शे-दोनशे माणूस कडेला उभा असतो. साळगावकर, धेंपो, चर्चिल या इथल्या जुन्या क्लबांच्या मॅचना वडिलांच्या खांद्यावर बसून आलेली माणसं आज आपल्या मुलांना घेऊन येतात. माझी मावशी सत्तरीची आहे, मासळी साफ करता करता ऑफसाइड समजावून सांगते. तुमच्या मागे अशी कोणीतरी बसलेली असणार. पिऊन झुलत रेफरीला शिव्या घातल्यात तर तीच तुम्हाला गप्प करेल.

आणि कृपा करून २४ एप्रिल २०२४ काढू नका. आयएसएलची, म्हणजे देशातल्या वरच्या फुटबॉल लीगची सेमीफायनल, नव्वदाव्या मिनिटापर्यंत आम्ही २-० पुढे. मी पार्किंगमधली गर्दी टाळायला उठलो. जिन्यात असताना तुमच्या छांगतेचा गोल. वळलो तोवर विक्रम प्रताप. मग परत छांगते. ३-२. त्या दिवशी आमचा दुसरा गोल मारणारा ब्रँडन काही महिन्यांत तुमच्याकडे आला, ते वेगळंच. तुम्ही काढलंत तर आम्ही २०१५ काढू. याच मैदानावर आम्ही ७-० जिंकलो, तेव्हा तुमचा कोच अनेल्का होता.

कांदिवलीची_पाटी:
मी दोनदा जाऊन आलेय. शेजारीबाबा म्हणतात तितकं सरळ नाही. हरलो तेव्हा सगळे गोड होते, एका काकांनी "बाय, खा" म्हणून शेंगदाण्याची पुडी पुढे केली. जिंकलो तेव्हा मात्र बाहेर पडताना आम्ही मैत्रिणींनी जर्सीवर शर्ट चढवला. झालं काहीच नाही, दोन-चार बोल ऐकले एवढंच. पण शर्ट जवळ असू दे. परतीची रिक्षा जाताना ज्यातून गेलात त्याच्याशीच ठरवा, नंबर घेऊन ठेवा.

फातोर्ड्याचा_शेजारी:
शर्टाचं कबूल. जिंकून जाणाऱ्याकडे बघायला कोणालाच आवडत नाही, मलाही नाही.

निळा_डोंबिवलीकर:
कळंगुट रद्द. भाऊ रुसलाय. मांडवीची तीन तिकिटं काढली, तिन्ही वेटिंग. मॅचच्या आधी मडगावात खायचं काय? तिसरा गडी देवभोळा आहे, सगळं खात नाही.

फातोर्ड्याचा_शेजारी:
मग त्याला आधीच सांग: चोरीस पाव म्हणजे डुकराचं, आणि कटलेट पाव बीफचा असू शकतो, गाड्यावर विचारल्याशिवाय तोंडात घालायचा नाही. रस आमलेट बहुतेक चिकनच्या रश्शात असतं. तेही नको असेल तर बाजारात पातळभाजी-पाव मिळेल, पण तो सकाळचा प्रकार, संध्याकाळी संपलेला असतो. तेव्हा सकाळीच पोचा.