'डिव्हाइन किंगशिप'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादवेळ:
प्राचीन इतिहासावरचं एक प्रकरण मराठीत आणते आहे. ज्यू आणि आरंभीचे ख्रिस्ती लोक राजाकडे नि देवाकडे कसे पाहत, हा विषय. मूळ मथळ्यात 'डिव्हाइन किंगशिप' आहे. मी 'दैवी राजपद' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'देवाचे राज्य' केलं. माझं म्हणणं, हे दोन वेगळे दावे आहेत. 'देवाचे राज्य' म्हणजे देव हाच राजा. 'दैवी राजपद' म्हणजे राजा हाच देव, निदान देवाचा कुणीतरी. प्रकरणात दोन्ही येतं. बायबलात शास्ते ८:२३ मध्ये लोक गिदोन या सेनानायकाला राज्य कर म्हणतात, तर तो सांगतो, मी नाही, माझा मुलगाही नाही, परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील. आणि ४५व्या स्तोत्रात, राजाच्या लग्नाच्या गाण्यात, सहाव्या ओळीत 'हे देवा, तुझं सिंहासन युगानुयुगाचं' असं येतं. सरळ वाचलं तर हे त्या नवऱ्या मुलालाच उद्देशून आहे. दोन्ही टोकांना पुरेल असा शब्द सुचवा.

धातुपाठ:
'दैवी' आधी काढा. मराठी कानाला दैवी म्हणजे नशिबाचं. दैवयोग, दैवदुर्विलास, दैवी आपत्ती. समास करा आणि प्रश्न मिटवा: राजा देव असेल तिथे 'राजदेवत्व', देव राजा असेल तिथे 'देवराजत्व'. संस्कृतात सोय असताना अडायचं कारण नाही.

वसईकर:
'देवराज' म्हटलं की इंद्र आठवतो, ते कसं टाळणार? आणि हे दोन समास शेजारी छापले तर वाचक दुसऱ्या पानावर कुठला कुठला ते विसरेल. देवाला राजा म्हणायला मराठी माणसाला समास कधीच लागला नाही. पंढरीचा राणा म्हणतोच की आपण. आमच्याकडे चर्चमध्ये 'ख्रिस्तराजाचा सण' असतो. तो सण तसा अलीकडचा, पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केला, पण शब्द लोकांच्या तोंडी पक्का बसला आहे.

धातुपाठ:
तोंडी बसणं हा अचूकपणाचा पुरावा नव्हे. 'पंढरीचा राणा'त लाड आहे, भक्ती आहे. राज्यशास्त्रातली संकल्पना त्यात मावत नाही.

घाटमाथा:
शब्द ठरवण्याआधी राजा 'देव' होता म्हणजे नेमका काय होता, ते बघू या. इजिप्तमध्ये राजा, म्हणजे फारो, हा जिवंत होरस देव. मेसोपोटेमियात राजा बहुतेक काळ देवाने निवडलेला सेवक, स्वतःला देव म्हणवणाऱ्या नरामसिनसारखे थोडे अपवाद. यरुशलेममध्ये तिसराच प्रकार. दुसऱ्या स्तोत्रात देव राजाला म्हणतो, 'तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला आहे.' सगळी मेख त्या 'आज'मध्ये आहे. राजा काही आज जन्मलेला नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते 'आज' म्हणजे राज्यारोहणाचा दिवस. म्हणजे हे दत्तकविधान झालं. आपल्याकडे संस्थानांच्या इतिहासामुळे 'दत्तक' शब्दाला गादीचा वास आहेच, तो इथे नेमका उपयोगी पडतो. दुसऱ्या शमुवेलाच्या सातव्या अध्यायात दाविदाच्या वंशजाबद्दल देव सांगतो, मी त्याचा पिता होईन, तो माझा पुत्र होईल, आणि लगेच पुढे, चुकला तर छडीने शिक्षा करीन. ज्याला छडी बसू शकते त्याला 'दैवी राजा' म्हणणं मला जड जातं. अनुवादाच्या (पंचग्रंथातलं पाचवं पुस्तक) सतराव्या अध्यायात तर राजाने घोडे फार बाळगू नयेत, बायका फार करू नयेत, सोनंरुपं साठवू नये आणि नियमशास्त्राची प्रत स्वतः लिहून ती रोज वाचावी, असं बजावलं आहे.

अनुवादवेळ:
हे छान. पण मग पहिल्या इतिहासात २९:२३ ला शलमोन 'परमेश्वराच्या सिंहासनावर' बसतो त्याचं काय? खुर्ची देवाची, बसणारा माणूस. म्हणून मला 'देवाच्या गादीचा राजा' असं काहीतरी सुचत होतं. शिवाय दुसऱ्या स्तोत्रातला 'अभिषिक्त' मी तसाच ठेवला आहे, तो चालेल ना?

धातुपाठ:
नाही चालणार. अभिषेक सिच् धातूपासून, अर्थ शिंपणं, ओतणं. आपल्या डोळ्यांसमोर अभिषेक म्हणजे पिंडीवरची धार, किंवा १६७४ चा रायगड, नद्यांचं पाणी, सोन्याचे कलश. मुळातला शब्द हिब्रू 'माशाख' या क्रियापदाचा, म्हणजे चोपडणं, माखणं. म्हणून माखणं या अर्थाचा अंज् धातू हवा. अभ्यंग, अभ्यक्त. मराठी बायबलातच २३व्या स्तोत्रात 'तू माझ्या डोक्याला तेलाचा अभ्यंग करतोस' आहे. मग राजाच्या बाबतीत पाणी का आणलं?

घाटमाथा:
२३व्या स्तोत्राचा दाखला इथे लागू पडत नाही. तिथे 'माशाख' नाहीच, 'दिश्शान्ता' आहे, पुष्ट करणं या अर्थाचा धातू. ते पाहुण्याच्या डोक्याला लावायचं तेल, गादीचं नव्हे. आणि पहिला राजा शौल याच्या वेळी (१ शमुवेल १०:१) संदेष्टा शमुवेल तेलाची कुपी घेऊन त्याच्या डोक्यावर ओततो. क्रियापद ओतण्याचंच. मग म्हणतो, परमेश्वराने तुला 'माशाख' केलं आहे. एकाच ओळीत दोन्ही. म्हणजे अभिषेक अगदीच वावगा नाही.

तेलघाणा:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, मूळ गाव अलिबागजवळ. आमच्या लोकांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, कारण धंदा घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. त्यामुळे तेलाच्या बाबतीत बोलायचा मला हक्क आहे असं समजते. 'अभ्यंग' म्हणजे दिवाळीची पहाट, उटणं, अंघोळ. तेल लावून धुऊन टाकायचं. शमुवेलाने दाविदाला लावलेलं तेल धुऊन टाकायचं नव्हतं, त्या दिवसापासून परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर येत राहिला असं लिहिलं आहे. माझी आजी दोन्ही शब्द वापरत नसे, ती थेट हिब्रू 'माशियाख' (माशाख केलेला) म्हणे. आमची हगादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि देवाधर्माचे किती तरी शब्द घरात हिब्रूच राहिले.

मळेकरी:
माशाख आणि आपलं 'माखणे' एकच असावेत असं मला पूर्वीपासून वाटतं. म, ख, अर्थ, सगळं जुळतं.

धातुपाठ:
माखणे हे म्रक्षण → मक्खण असं आलेलं आहे. हिब्रूशी त्याचा संबंध नाही. ध्वनी जुळले म्हणून नातं लावायला लागलो तर कशाचंही कशाशीही लागेल.

मळेकरी:
नातं नसेल, पण शब्द म्हणून माखणेच चोख बसतो. यिर्मया २२:१४ मध्ये राजा वाडा बांधतो आणि तो लाल रंगाने 'माशाख' करतो, तिथे कुणी अभिषेक म्हणणार का? निर्गम २९ मध्ये पातळ पापड्यांना तेल लावलं आहे, तेच क्रियापद. याकोबाने उशाखालचा धोंडा उभा करून त्यावर तेल ओतलं, आणि पुढे उत्पत्ती ३१:१३ मध्ये देव त्याची आठवण देताना 'माशाख'च म्हणतो. शेताच्या बांधावरच्या दगडाला शेंदूर माखला की तो दगड दगड राहत नाही, तो कुणाचातरी होतो. राजाचंही तेच. तेल माखलं की तो परमेश्वराचा झाला.

वसईकर:
अर्थ पटला, पण 'माखलेला राजा' पुस्तकात छापून दाखवा.

मळेकरी:
का छापू नये? ग्रीकांनी छापलंच की. 'ख्रिस्तोस' म्हणजे तेल माखलेला.

घाटमाथा:
आणि ज्यांना ज्यू ग्रंथ माहीत नव्हते त्यांना ते कळलंच नाही! रोमी लेखक सुएटोनियस सम्राट क्लॉडियसच्या चरित्रात 'क्रेस्टस'च्या चिथावणीने रोममधले ज्यू दंगा करत होते असं लिहितो. क्रेस्टस हे तिथलं गुलामांचं नेहमीचं नाव. हा ख्रिस्तच असावा असं पुष्कळांना वाटतं. पदवीचं नाव होऊन गेलं, राजेपण मागे पडलं. रोमी सुभेदार पिलाताला मात्र ते बरोबर समजलं होतं, क्रुसावरच्या पाटीवर त्याने 'यहूद्यांचा राजा' असं लिहिलं. त्या काळात 'देवाचा पुत्र' म्हटलं की आधी कैसर, म्हणजे रोमचा सम्राट, आठवायचा. तिबेरियसच्या चांदीच्या दिनारावर तो 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र' आहे असं कोरलेलं असे. 'कैसराचे ते कैसराला' हे उत्तर बहुधा तसंच नाणं हातात असताना दिलेलं. प्रियेने या ग्रीक शहरातल्या इ.स.पू. ९ च्या शिलालेखात ऑगस्टस देवाचा जन्मदिवस ही 'सुवार्तां'ची सुरुवात म्हटली आहे. त्यामुळे ख्रिस्ती मंडळी 'सुवार्ता', 'प्रभू', 'देवाचा पुत्र' हे शब्द उच्चारत तेव्हा ते दरबारी शब्द होते. स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प याला ख्रिस्ताची निंदा कर म्हटल्यावर तो विचारतो, ८६ वर्षं ज्याची सेवा केली त्या माझ्या राजाची, मला तारणाऱ्याची, निंदा कशी करू? त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात तारीख देताना प्रांताधिपतीचं नाव येतं आणि त्यापुढे, कैसराचं नाव यावं तिथे, 'येशू ख्रिस्त सर्वकाळ राज्य करीत असताना' असं येतं. मला हे 'तारणारा' या शब्दापेक्षा धाडसाचं वाटतं. सरकारी तारखेत राजा बदलला.

तेलघाणा:
हे धाडस फक्त ख्रिस्ती लोकांचं नव्हतं, तेही प्रकरणात यायला हवं. आम्ही बेराखामध्ये (देवाच्या स्तुतीच्या छोट्या प्रार्थनेत) 'मेलेख हाओलाम' म्हणतो, विश्वाचा राजा. मिश्नामध्ये (रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, बेराखोत २:२) शेमा, म्हणजे 'परमेश्वर एकच' ही रोजची प्रार्थना, आधी का म्हणायची, तर माणसाने पहिल्यांदा 'ओल मल्खुत शामायिम' स्वीकारावं, आज्ञांचं ओल (जू) नंतर. स्वर्गाच्या राज्याचं जू.

धातुपाठ:
इथे 'जू' नको, 'धुरा' घ्या. धुरा वाहणं भारदस्त आहे.

मळेकरी:
धुरा माणूस आपणहून सांभाळतो, त्याचा मान असतो. जू मानेवर ठेवलं जातं. एकदा शिवळा घातल्या की बैलाला मान काढता येत नाही. मराठी बायबलात येशूसुद्धा 'माझे जू आपणांवर घ्या' असंच म्हणतो.

तेलघाणा:
आणि ओल हा शेतातला शब्द असला तरी दरबारात मुरलेला आहे. शलमोन गेल्यावर लोक रहबामाला म्हणतात, तुझ्या बापाने आमचं जू जड केलं, ते हलकं कर. यिर्मया स्वतःच्या मानेवर जू बांधून फिरतो, म्हणजे बाबेलच्या राजाला शरण जा. जू म्हणजे कुणाचं तरी राज्य मान्य करणं. रब्बी अकिवाने आधी रोमविरुद्धच्या बंडाचा पुढारी बार कोखबा याला 'हा राजा माशियाख' म्हटलं होतं. त्यावर रब्बी योहानान बेन तोर्ता म्हणाले, अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल. १३५ मध्ये ते बंड मोडलं. तल्मूदमध्ये (मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात) अकिवाच्या शेवटाची गोष्ट आहे. रोमी लोक लोखंडी कंगव्यांनी त्याचं मांस ओरबाडत होते, वेळ शेमाची होती, आणि तो स्वर्गाच्या राज्याचं जू स्वतःवर घेत होता. त्या वाक्यात 'धुरा' घालून बघा.

धातुपाठ:
तिथे जू ठेवा. 'अभ्यक्त'वर मात्र मी ठाम आहे.

मळेकरी:
आणि मी 'माखलेला'वर.