ऑफिसात पीसी मागच्या दाराने आला, शाळेत वाजतगाजत. रुजला कुठे?

ताळेबंद (धागाकर्ता)

सुरुवातीच्या पर्सनल कॉम्प्युटरचा इतिहास सांगताना दोन वाक्यं ठोकून दिली जातात. कंपन्यांनी तो कार्यक्षमता वाढावी म्हणून घेतला आणि शाळांनी मुलांचं भविष्य घडावं म्हणून. मला ही दोन्ही कारणं मागाहून चिकटवलेली वाटतात. 1977 ते 1985 या काळात ऑफिसांत पीसी टिकला, कारण तिथे एखाद्या माणसाचं एखादं काम अडलेलं होतं. शाळांत तो काम ठरायच्या आधीच येऊन बसला, आणि म्हणून बराच काळ नुसता बसूनच राहिला.

1977 साली अ‍ॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-80 आले तेव्हा ती हौशी मंडळींची यंत्रं होती. अ‍ॅपल टूच्या पडद्यावर एका ओळीत 40 अक्षरं मावत, तीही सगळी कॅपिटल. प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. अशा यंत्राकडे कुठला शहाणा मॅनेजर ढुंकून पाहील? 1978 मध्ये त्याला फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला आणि 1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क, म्हणजे हिशेबाचे तक्ते मांडणारा प्रोग्रॅम (स्प्रेडशीट), आलं. इथे चित्र फिरलं.

अंदाजपत्रक कागदावर ज्यांनी केलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. बारा महिन्यांचे रकाने, खाली खर्चाच्या चाळीसेक बाबी. साहेब म्हणतात, 'कच्च्या मालाचा भाव पाच टक्क्यांनी वाढला तर?' की बसा खोडत. शेवटी आडवी बेरीज उभ्या बेरजेशी जुळत नाही आणि रात्र जाते. व्हिजिकॅल्कमध्ये एक आकडा बदलला की खालचे सगळे आपोआप बदलत. गंमत म्हणजे अ‍ॅपल टूच्या कीबोर्डवर वर-खाली जायचे बाण नव्हतेच, फक्त डावा-उजवा. मग स्पेसबार दाबला की तेच दोन बाण वर-खाली चालायला लागत. इतकं गैरसोयीचं प्रकरण लोकांनी आनंदाने सहन केलं, कारण मोबदला रोखीत मिळत होता.

आणि हे सगळं ईडीपी विभागाला, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटर खात्याला, वळसा घालून. कंपनीचा कॉम्प्युटर म्हणजे मेनफ्रेम (सगळ्यांसाठी एकच मोठं यंत्र), मेनफ्रेम म्हणजे ईडीपी. रिपोर्ट हवा असेल तर अर्ज द्या आणि रांगेत थांबा. पीसी मात्र दोन-तीन हजार डॉलरांत येत होता, म्हणजे खातेप्रमुखाच्या सहीच्या आवाक्यात. अनेक ऑफिसांत तो ऑफिस-सामानाच्या खात्यातून आत शिरला.

आता शाळा बघा. ब्रिटनमध्ये 1981 साली सरकारने योजना काढली: 1982 संपेपर्यंत प्रत्येक माध्यमिक शाळेत निदान एक कॉम्प्युटर, निम्मी किंमत सरकार देणार. कॅलिफोर्नियात अ‍ॅपलने 1983 मध्ये करसवलतीच्या बदल्यात सुमारे 9,000 शाळांना एकेक यंत्र दिलं. त्याचं करायचं काय, हे कुणी विचारलं होतं?

खडूफळा

काही शिक्षकांनी विचारलं होतं, आणि व्हिजिकॅल्कच्या कितीतरी आधी.

मिनेसोटा राज्यातली गोष्ट घ्या. 1971 मध्ये तिथल्या तीन शिकाऊ शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी 'ओरेगन ट्रेल' हा कॉम्प्युटरवरचा खेळ लिहिला. पडदा नव्हताच. टेलिटाइपवर कागद खडखडत बाहेर यायचा, पलीकडे दूरवरचा मोठा कॉम्प्युटर. शिकार करायची तर 'बँग' हा शब्द टाइप करायचा. जितका झटकन आणि बिनचूक, तितका नेम चांगला. ही शिक्षकाची नड होती हो, एकोणिसाव्या शतकातल्या स्थलांतराचा रटाळ धडा मुलांच्या गळी कसा उतरवायचा ही! 1973 मध्ये त्या राज्याने शैक्षणिक संगणनासाठी एमईसीसी ही संस्था काढली, आणि 1978 मध्ये तिने 500 अ‍ॅपल टू घ्यायचे ठरवले. तेव्हा व्हिजिकॅल्क बाजारात आलंसुद्धा नव्हतं. अ‍ॅपलला घाऊक गिऱ्हाईक आधी शाळेत मिळालं, हे तुमच्या कहाणीत कुठे बसतं?

बरं, ब्रिकलिनला स्प्रेडशीट सुचलं कुठे? हार्वर्डच्या वर्गात. प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचे तक्ते मांडत होते, एक आकडा चुकला की अर्धा फळा पुसावा लागायचा. म्हणजे तुमच्या ऑफिसाचा तारणहारसुद्धा खडूच्या धुळीतच जन्मला.

निळा_कोट

दोघांचंही पटलं नाही. व्हिजिकॅल्कने दार किलकिलं केलं, इतकंच. मोठ्या कंपन्यांनी पीसी घेतला तो 12 ऑगस्ट 1981 नंतर, कारण त्यावर तीन अक्षरं होती: आयबीएम. 'आयबीएम घेतलं म्हणून कुणाची नोकरी जात नाही' ही त्या धंद्यातली जुनीच म्हण. मूळ किंमत 1,565 डॉलर, त्यात 16 केबी मेमरी, फ्लॉपी ड्राइव्ह नाही, मॉनिटर नाही. यंत्र म्हणून काही जगावेगळं नव्हतं. प्रोसेसर इंटेलचा, यंत्र चालवणारी प्रणाली (डॉस) मायक्रोसॉफ्टची. पण खरेदी विभागाला जे लागतं ते होतं: उद्या बिघडलं तर कुणाला धरायचं याचं उत्तर.

ताळेबंदभाऊ, तुमचा तो मागच्या दाराचा मॅनेजर शूर खरा, पण असे कितीसे होते? लोटस 1-2-3 हे स्प्रेडशीट जानेवारी 1983 मध्ये आयबीएम पीसीसाठी आलं आणि पहिल्याच वर्षी 5 कोटी 30 लाख डॉलरचा धंदा केला. त्याची किंमत 495 डॉलर. एवढे पैसे कुणी चोरून खर्च करत नाही, रीतसर मंजुरीने करतात.

ताळेबंद

मंजुरी मिळाली ती मागणी तयार होती म्हणून. लोटस विकलं गेलं ते कशाच्या जिवावर? स्प्रेडशीटच्याच. आयबीएमच्या नावात इतकी जादू असती तर 1984 चा त्यांचाच घरगुती पीसीज्युनियर का आपटला? तीच कंपनी, तीच तीन अक्षरं. घरात आणि शाळेत त्याचं नडीचं काम नव्हतं, वर च्युइंगमच्या वड्यांसारखी बटणं असलेला कीबोर्ड.

खडूफळा, मिनेसोटा मान्य. पण ते एक राज्य, आणि तिथे आधीची सात-आठ वर्षं टर्मिनलवर शिक्षक घडलेले होते. यंत्र आलं तेव्हा काम तयार होतं. म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय.

खडूफळा

वा! माझं उदाहरण पटलं की ते तुमचं, नाही पटलं की अपवाद. छान आहे ही पद्धत.

कार्बन_कॉपी

इथे सगळे स्प्रेडशीटवरच अडकलेत. ऑफिसातला निम्मा कागद आकड्यांचा नव्हता, पत्रांचा होता, आणि तो आम्ही टाइप करायचो.

मी टायपिंग पूलमध्ये, म्हणजे सगळ्या ऑफिसाची पत्रं टाइप करणाऱ्या विभागात, नोकरी केली आहे. मूळ पत्र आणि तीन कार्बन प्रती. शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं तर प्रत्येक कार्बनमागे कागदाची चिठ्ठी सरकवायची, एकेक प्रत स्वतंत्र खोडायची आणि पुन्हा तेच अक्षर नेमकं त्याच जागी उमटवायचं. आणि साहेबांनी मधला परिच्छेद वर घ्यायला सांगितला की सगळं पान नव्याने. वर्डस्टार या पत्रं लिहायच्या प्रोग्रॅमवर तेच काम कंट्रोल-के-बी, कंट्रोल-के-के, कंट्रोल-के-व्ही. लोक त्या आज्ञांना हसतात. आमच्यासारख्या बिनपाहता टाइप करणाऱ्यांना मात्र त्या सोन्यासारख्या होत्या, कारण बोटं आपल्या जागेवरून फारशी हलायचीच नाहीत. कर्सर हलवायलासुद्धा ई, एस, डी, एक्स, डाव्या हाताखालीच.

वँग कंपनीची खास वर्ड प्रोसेसिंग (मजकूर टाइप करून दुरुस्त करायची) यंत्रं 1976 पासून होती, पण ती मोठ्या ऑफिसांनाच परवडायची. पीसीने तेच काम कितीतरी स्वस्तात केलं आणि वर हिशेबही केला. तेव्हा मोबदला रोखीत मिळाला हे खरं, पण तो कुणाला, हेही विचारा. आमच्या पूलमधल्या मुलींचा पगार वाढला नाही. एका पत्राचे मसुदे मात्र दोनाचे सहा झाले, कारण आता बदल 'फुकट' होता ना! पुढे साहेब लोक स्वतःच टाइप करायला लागले आणि पूलच बंद झाला.

उंटावरचा_शहाणा

कार्बन_कॉपी यांच्या 'दोनाचे सहा'मध्ये या धाग्याचं उत्तर आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1987 साली टोला हाणला होता की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. म्हणजे लोटसचे खोके भरभरून विकले जात असताना अमेरिकेच्या आकडेवारीत त्याचा पत्ता नव्हता. मग ऑफिसात 'रुजला' म्हणजे नक्की काय झालं? पूर्वी एकच अंदाजपत्रक व्हायचं, आता त्याच्या वीस आवृत्त्या होऊ लागल्या, आणि निर्णय साहेबांनी आधीच घेतलेला.

शाळेला मात्र लगेच विचारतात, 'मुलांचे गुण वाढले का?' ऑफिसाला हा प्रश्न कुणी विचारला नाही. यंत्र वापरात आहे हाच तिथे पुरावा धरला गेला. असा दुटप्पी हिशेब ताळेबंद नाव घेणाऱ्याला शोभत नाही.

निळा_कोट

सोलोचा दाखला देताना अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिडही वाचा. त्यांनी 1990 मध्ये विजेचं उदाहरण दिलं. वीज 1880 च्या दशकात आली, पण कारखान्यांना तिचा खरा फायदा 1920 च्या दशकात दिसला. आधी नुसतं वाफेचं इंजिन काढून त्या जागी मोठी मोटर बसवली, बाकी दांडे-पट्टे तसेच. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन कारखानाच वेगळा मांडला तेव्हा फरक पडला. ऑफिसांतही तसंच.

खडूफळा

मग शाळेलाही तेवढाच वेळ द्या की! ऑफिसाला चाळीस वर्षांची सवलत आणि शाळेचा निकाल चार वर्षांत?

आता बीबीसी मायक्रोबद्दल, म्हणजे ब्रिटनच्या शाळांत गेलेल्या यंत्राबद्दल. ताळेबंद म्हणतात, काय करायचं कुणी विचारलं नाही. साफ चूक. यंत्राबरोबर बीबीसीने टीव्हीवर मालिका चालवली, पुस्तकं काढली, बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा मुद्दाम शिकवण्याजोगी करून घेतली. यंत्राच्या पाठीमागे अ‍ॅनलॉग पोर्ट होता. त्याला तापमानाचा सेन्सर जोडायचा, तो गरम पाण्यात सोडायचा, आणि पाणी निवताना आलेख डोळ्यांसमोर उतरत जातो. थर्मामीटर घेऊन दर मिनिटाला आकडे टिपणाऱ्या वर्गाला हे पहिल्यांदा दाखवा, मग सांगा काम नव्हतं म्हणून. लोगोचंही तेच. ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा, आज्ञा दिली की पडद्यावरचं कासव रेघ ओढत चालतं. 'पुढे 50, उजवीकडे 90' चार वेळा म्हटलं की चौकोन. मग मूल स्वतःहून विचारतं, त्रिकोणाला 60 का चालत नाही? कासव बाहेरचा कोन वळतं, म्हणून 120. हे मी सांगण्याआधी मुलांनी शोधून काढलेलं पाहिलंय.

सुरुवातीला 12,000 यंत्रं खपतील असा अंदाज होता. शेवटी 15 लाखांच्या वर गेली. आणि ती बनवणाऱ्या एकॉर्नमधल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढचा प्रोसेसर आखला, तो एआरएम. एप्रिल 1985 मध्ये पहिली चिप चालली. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. शाळांच्या खरेदीने हे उभं केलं, लोटसने नाही.

ताळेबंद

एआरएम हा उद्योगाचा फायदा झाला, शिक्षणाचा नव्हे. मी वर्गाबद्दल बोलतोय. आणि पाण्याचा आलेख सुंदरच, फक्त तो पाहायला मिळाला किती जणांना? साधं गणित करा. 800 मुलांची शाळा, एक यंत्र, आठवड्याला 40 मिनिटांचे 30 तास. म्हणजे 1,200 मिनिटं. दरडोई दीड मिनिट! त्यात कॅसेटवरून प्रोग्रॅम चढायचा वेळ धरलेला नाही. अर्थातच ते यंत्र गणिताच्या मास्तरांच्या आणि त्यांच्या चार लाडक्या पोरांच्या ताब्यात गेलं.

यंत्रं वाढवली की प्रश्न सुटतो असंही नाही. फ्रान्सने 1985 मध्ये एकदम 120,000 यंत्रं शाळांत पोचवायची योजना आखली. बहुतेक थॉमसन कंपनीची, आणि थॉमसन तेव्हा सरकारी मालकीची. पडद्यावर टेकवायचा प्रकाशपेन होता, वर्गात जोडणी करणारं नेटवर्क होतं, सगळं होतं. शिक्षकांचं प्रशिक्षण मात्र घाईघाईत उरकलं. खरी नड कारखान्याची होती, वर्गाची नाही. थोड्याच वर्षांत ती यंत्रं बाजूला पडली, कारण बाहेरचं जग आयबीएमशी जुळणाऱ्या पीसींवर गेलं होतं.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे शाळेतली यंत्रं ऑफिसांनी मारली म्हणा.

कार्बन_कॉपी

एकाच यंत्रावर सगळ्यांची झुंबड ऑफिसातही होती, ताळेबंद. आमच्याकडे पहिला पीसी आला तेव्हा शेजारी वही ठेवली होती, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखून. हिशेब विभागाची नावं सकाळीच भरलेली असायची, आम्हाला जेवणाच्या सुट्टीची वेळ उरायची. फरक इतकाच की वर्षभरात दुसरा आला आणि मग तिसरा, कारण मागणारा माणूस खरेदीवर सही करणाऱ्याच्या शेजारीच बसत होता. शाळेतली मुलं सही कुणाची घेणार?

खडूफळा

मुलांना जाऊ द्या, शिक्षकांनासुद्धा सहीचा अधिकार नव्हता. माझ्या प्रयोगशाळेतल्या सेन्सरसाठी मला अर्ज करून दोन सत्रं थांबावं लागलं, आणि तोवर यंत्र टायपिंगच्या वर्गाला दिलेलं होतं. ताळेबंद याला 'शिक्षणात काम नव्हतं' म्हणतात. मी म्हणतो, काम होतं, पैसे दुसऱ्याच्या हातात होते. यावर तुमचं उत्तर अजून आलेलं नाही.