बाथमधील ‘ब्रिजर्टन’ची चित्रीकरणस्थळे: आईसोबत दीड दिवसात काय पाहावे?

रेडिंगवासी:
नमस्कार. मे महिन्यात माझी आई पुण्याहून तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला येत आहे. ‘ब्रिजर्टन’ मालिका तिने अत्यंत आवडीने पाहिली आहे आणि ‘ती घरे एकदा प्रत्यक्ष पाहायची आहेत’ एवढी एकच इच्छा तिने बोलून दाखवली आहे. आमच्या हाती एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे. आई ६८ वर्षांची आहे. सपाट रस्त्यावर ती तासभर सहज चालते, परंतु चढ आला की तिचे गुडघे दुखतात. मालिकेतील नेमकी कोणती ठिकाणे बाथमध्ये आहेत, त्यांपैकी कोठे आत जाता येते आणि मार्गदर्शकासोबतची सशुल्क फेरी घ्यावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दगडी_वाट:
मी गेली काही वर्षे ब्रिस्टलमध्ये राहते आणि बाथला वरचेवर जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मालिकेची कथा १८१३ च्या लंडनमध्ये घडते, आणि ब्रिजर्टन कुटुंबाचे फुलांच्या वेलीने बहरलेले घर बाथमध्ये नसून लंडनच्या ग्रिनिच भागातील रेंजर्स हाउस ही वास्तू आहे. ती जांभळी फुलेसुद्धा चित्रीकरणापुरती चढवलेली होती. आईंना हे निघण्यापूर्वीच सांगा, म्हणजे तेथे जाऊन त्यांचा हिरमोड होणार नाही.

फेदरिंग्टन कुटुंबाचे घर म्हणून दिसतो तो रॉयल क्रेसेंट या अर्धवर्तुळाकार घरांच्या रांगेतील पहिल्या क्रमांकाच्या घराचा दर्शनी भाग आहे. लेडी डॅनबरी यांचा वाडा म्हणजे होलबर्न संग्रहालय. शिवणकाम करणाऱ्या मादामचे दुकान ॲबी ग्रीन या छोट्या चौकात आहे. चौकाच्या मध्यभागी एक प्रचंड जुने झाड असल्यामुळे जागा लगेच ओळखू येते. बाजाराच्या वर्दळीची काही दृश्ये खांबांच्या ओळी असलेल्या बाथ स्ट्रीटवर घेतलेली आहेत.

लंडनची कथा बाथमध्ये का चित्रित केली, हे समजले की फिरण्याला खरा अर्थ येतो. ज्या ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये ही कुटुंबे राहतात असे दाखवले आहे, तेथील अठराव्या शतकातील जवळजवळ सर्व घरे पाडून नवी बांधली गेली. बाथमध्ये मात्र त्या काळातील रस्तेच्या रस्ते सलग उरले आहेत, आणि ते जवळच्याच खाणींतील मधाच्या रंगाच्या चुनखडीत बांधलेले असल्यामुळे संपूर्ण शहर एकाच हाताने घडवल्यासारखे दिसते.

रॉयल क्रेसेंट १७६७ ते १७७४ या काळात वास्तुविशारद धाकट्या जॉन वुडने उभारले. अर्धवर्तुळात ३० घरे आणि ११४ खांब आहेत. वुडने आखून दिला तो केवळ दर्शनी भाग. त्यामागचे घर ज्याने त्याने आपापल्या सोयीने बांधून घेतले. त्यामुळे समोरून कवायतीसारखी शिस्त आणि मागून उंची, खिडक्या, छपरे यांचा कसलाही मेळ नाही. मालिकेचे चाहते समोर छायाचित्रे काढून परततात. आपण मात्र पाच मिनिटे काढून मागच्या बाजूला अवश्य जा. माझ्या मते बाथ समजण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही.

पहिल्या क्रमांकाच्या घरात संग्रहालय आहे आणि तिकीट काढून आत जाता येते. फेदरिंग्टनांचे भडक दिवाणखाने तेथे दिसणार नाहीत, कारण मालिकेतील त्या घराचा अंतर्भाग स्टुडिओत उभारलेला होता. दिसते ते १७७६ ते १७९६ या काळातील श्रीमंत घर, स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्यांसह. मला ते मालिकेपेक्षाही अधिक भावले.

सावकाश_चला:
गुडघ्यांच्या दृष्टीने क्रम महत्त्वाचा आहे, कारण शहर टेकडीच्या उतारावर वसलेले आहे. माझ्या सासूबाईंना आम्ही क्वीन स्क्वेअरपासून गे स्ट्रीटने वर चढवत नेले आणि अर्ध्या वाटेतच त्यांना एका घराच्या पायरीवर बसावे लागले. ती चूक आपण करू नये.

पहिल्या दिवशी सकाळी स्टेशनवरून थेट टॅक्सीने रॉयल क्रेसेंटला जा. तेथून ब्रॉक स्ट्रीट हा जवळजवळ सपाट रस्ता आपल्याला ‘सर्कस’ या वर्तुळाकार चौकात आणून सोडतो. त्याची आखणी थोरल्या जॉन वुडची. पहिला दगड बसवल्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला आणि काम मुलाने पूर्ण केले. येथील १४ क्रमांकाच्या घरात प्लासीची लढाई जिंकणारा रॉबर्ट क्लाइव्ह १७७४ मध्ये राहिला होता. बंगालमधून आलेला पैसा या मधाळ दगडांपर्यंत कसा पोहोचला, हा विचार त्या दारासमोर माझ्या मनातून गेला नाही. सर्कसपासून खाली येताना उतार असल्याने पुन्हा टॅक्सी केलेली बरी; चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक त्रास देतो.

दुपारचा भाग सोपा आहे. ॲबी ग्रीन, बाथ स्ट्रीट, पुलावरच दुकाने असलेला पुल्टनी ब्रिज आणि तेथून ग्रेट पुल्टनी स्ट्रीटने सरळ होलबर्नपर्यंत, हा सगळा टप्पा आईंना सहज जमेल. रुंद, सरळ रस्त्याच्या अगदी टोकाशी लेडी डॅनबरींचा वाडा हळूहळू मोठा होत जातो, तेव्हा ओळख पटण्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नक्की दिसेल. संग्रहालयाच्या मागे सिडनी गार्डन्स आहे आणि समोरच सिडनी प्लेसमध्ये ४ क्रमांकाच्या घरात जेन ऑस्टिन राहत होती.

झुंबर:
वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. माझी भर असेंब्ली रूम्सबद्दल. मालिकेतील नृत्यसमारंभासाठी ही वास्तूही वापरली गेली. १७७१ मध्ये ती खुली झाली, एप्रिल १९४२ च्या बाँबहल्ल्यात जळून तिच्या भिंतीच उरल्या आणि पुनर्बांधणीनंतर १९६३ मध्ये पुन्हा उघडली. मूळ झुंबरे मात्र युद्ध सुरू झाल्यावर उतरवून सुरक्षित ठेवलेली असल्यामुळे वाचली. म्हणजे छत नवे आणि झुंबरे अठराव्या शतकातील, असे ते दालन आहे. २०२३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने ताबा परत घेऊन दुरुस्तीचे काम हाती घेतले असल्याने, आत प्रवेश आहे की नाही हे निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

सशुल्क फेरीविषयी माझे मत थोडे प्रतिकूल आहे. मार्गदर्शक दृश्यांची छायाचित्रे दाखवून जागा जुळवून देतात आणि त्यात मजा आहे, परंतु सगळ्यांच्या वेगाने चालावे लागते. शहराचे मानद मार्गदर्शक पंप रूम या शहरातील जुन्या वास्तूबाहेरून विनामूल्य फेऱ्या काढतात आणि बक्षिशीही घेत नाहीत, पण त्या फेऱ्याही सुमारे दोन तास चालतात. आईंसाठी आपणच फोनमध्ये चार-पाच दृश्ये जपून ठेवा आणि त्या त्या दारासमोर उभे राहून त्यांना दाखवा.

एक विनंती: रॉयल क्रेसेंटमध्ये आजही लोक राहतात आणि समोरच्या हिरवळीचा वरचा भाग खासगी आहे. छायाचित्रे खालच्या सार्वजनिक उद्यानातून काढली, तर कोणाला त्रास होत नाही आणि संपूर्ण अर्धवर्तुळही चौकटीत बसते.

रेडिंगवासी:
सर्वांचे मनापासून आभार. टॅक्सीने वर जाऊन दुपारी पुल्टनीकडे, असे ठरवले आहे. दुसरी सकाळ लॅकॉक गावासाठी ठेवावी का? १९९५ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेतील मेरिटन गाव ते हेच, असे आईनेच मला सांगितले.

दगडी_वाट:
अवश्य ठेवा. रेल्वेने चिपनहॅमला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी घ्या. गाव सपाट आणि लहान आहे. बहुतांश घरे नॅशनल ट्रस्टच्या मालकीची असल्यामुळे बाहेरून फारशी बदललेली नाहीत. दहाच्या आत पोहोचलात तर रस्त्यात गाड्या कमी असतील.