बाष्पीभवन, बाष्पोच्छ्वास, बाष्पोत्सर्जन, बाष्पपर्णोत्सर्जन : कुठे कोणता?

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘बाष्पोच्छ्वास’ आहे, शेतीच्या लेखात ‘बाष्पोत्सर्जन’, तर ठिबकच्या माहितीपत्रकात ‘बाष्पपर्णोत्सर्जन’. तिन्ही एकच का? मग सरळ बाष्पीभवन का म्हणू नये?

उत्तर : पहिले दोन एकच, म्हणजे झाडाच्या पानांतून पाण्याची वाफ बाहेर जाणे; तिसरा वेगळा. बाष्पीभवन कुठेही होते : तळ्यात, ओल्या मातीत, दोरीवरच्या कपड्यांत. पानातही शेवटी तेच घडते, पण तिथे वाफ बाहेर सोडायची की नाही यावर झाडाचा ताबा असतो. पानावर, बहुतेक झाडांत खालच्या बाजूला जास्त, पर्णरंध्रे म्हणजे सूक्ष्म छिद्रे असतात. रंध्राच्या दोन रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की ते उघडते, सैलावल्या की मिटते. अननस आणि निवडुंग तर रंध्रे मुख्यतः रात्रीच उघडतात. म्हणून वेगळा शब्द हवाच. मला ‘बाष्पोत्सर्जन’ बरा वाटतो. ‘उच्छ्वास’ आला की मुले श्वसनाशी गल्लत करतात.

दुसरे उत्तर : गल्लत ‘उत्सर्जना’नेही होते. त्याच पुस्तकात मूत्रपिंडाचा धडा ‘उत्सर्जना’चा असतो, आणि मुलांना वाटते की झाड नको असलेले पाणी टाकून देते. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाफ होऊन जाते हे खरे, पण ते जाताना काम करून जाते. पान थंड राहते. शिवाय पानातून वाफ गेली की जलवाहिनीतला (मुळापासून पानापर्यंत पाणी नेणाऱ्या नळीतला) पाण्याचा सलग स्तंभ वर ओढला जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्यामुळे तो तुटत नाही. डिक्सन आणि जोली या आयरिश शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये हे मांडले. शंभर मीटरांहून उंच रेडवुड झाडाच्या शेंड्याला पाणी पोचते ते मुख्यतः या ओढीने; मूलदाब, म्हणजे मुळांकडून पाण्याला वर ढकलणारा दाब, तिथे पुरत नाही. मी ‘बाष्पोच्छ्वास’च वापरीन.

प्रश्नकर्ता : आणि ठिबकवाला शब्द?

पहिले उत्तर देणारे : बाष्पपर्णोत्सर्जन म्हणजे जमिनीतून उडालेले आणि पिकाच्या पानांतून गेलेले, दोन्ही मिळून. हिशेबासाठी बाष्पीभवन पात्रातले पाणी दिवसात किती मिलिमीटर उतरले ते पाहतात, त्याला पात्र गुणांक (पात्र आणि शेत यांतला फरक जुळवणारा आकडा) आणि पीक गुणांकाने (त्या पिकाची पाण्याची गरज दाखवणाऱ्या आकड्याने) गुणतात. पीक वाढते तसा पीक गुणांक वाढतो. पाणी किती द्यायचे ते यावर ठरते, म्हणून इथे शब्दाची ढिलाई चालणार नाही.

प्रश्नकर्ता : पहाटे अळूच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबतो, तोही बाष्पोच्छ्वासच ना?

दुसरे उत्तर देणारे : नाही, तो बिंदुस्राव. तिथे वाफ नसतेच. मूलदाबाने पाणी द्रवरूपातच टोकाच्या जलरंध्रांतून, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या छिद्रांतून, बाहेर येते. दहिवर हवेतून येते आणि पानभर पसरते, हे थेंब मात्र टोकाला नाहीतर कडेलाच दिसतात.