मदत हवी आहे: घरी भरलेल्या काडतुसात दारूच नव्हती, नेमकं कुठे चुकलं?

नमस्कार मंडळी,

इथला जुना वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. ओहायोत राहतो. दोन वर्षांपासून पिस्तुलाच्या यूएसपीएसए (अमेरिकेतली प्रॅक्टिकल शूटिंगची संघटना) स्पर्धा खेळतोय आणि वर्ष झालं, स्पर्धेची ९ मिमी काडतुसं मी स्वतःच गॅरेजमध्ये भरतो. दोन आठवड्यांपूर्वी स्पर्धेत जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं.

हा खेळ ज्यांच्या ओळखीचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उभ्या-आडव्या मांडलेल्या लक्ष्यांवर पळत, वळत नेम धरायचा. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, तो तुमचा हिट फॅक्टर. काडतूस मिळमिळीत असून चालत नाही. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले तिचा वेग सेकंदाला किती फूट, भागिले हजार. हा आकडा किमान १२५ भरावा लागतो, नाहीतर स्पर्धेत गुणच धरत नाहीत. माझी १४७ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ८८० फूट जाते, म्हणजे १२९. विकतची बरीच काडतुसं यापेक्षा जोरात असतात आणि हाताला धक्का जास्त बसतो. जड गोळी आणि बेताचा वेग असला की पिस्तूल मऊ चालतं. एवढ्यासाठी मी भरायला शिकलो.

आणि मग ते कामच आवडायला लागलं. माझे आजोबा सांगलीत सराफ होते. लहानपणी त्यांच्या ताजव्यापुढे तासन् तास बसायचो. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. इथे दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, जवळजवळ अर्धी गुंज. ९ मिमीच्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) अशा चार-पाच ग्रेनचाच खेळ असतो. ग्रेनच्या दहाव्या हिश्शानेही फरक पडतो. तोलताना आजोबा कुणाशी बोलत नसत. गिऱ्हाईक काही विचारत असलं तरी पारडं स्थिर होईपर्यंत गप्प.

माझी पद्धत अशी. काडतुसं भरायचा सिंगल-स्टेज प्रेस आहे, दांडा एकदा ओढला की एकच काम होतं. जुन्या पुंगळ्या टम्बलरमध्ये (घासून साफ करणाऱ्या यंत्रात) घासून घेतो, वापरलेला प्रायमर (तळाची, दारू पेटवणारी छोटी टोपी) काढून त्या परत मापात आणतो, नवा प्रायमर बसवतो आणि पन्नास भोकांच्या लाकडी ट्रेमध्ये उभ्या करतो. एकेक उचलून पावडर मेझरखाली (ठराविक दारू सोडणाऱ्या मापाखाली) धरायची, दारू घ्यायची, परत भोकात ठेवायची. दर दहावी तराजूवर तोलतो. शेवटी गोळी बसवून तोंड हलकेच आवळतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यांच्या बाहेर कधी गेलेलो नाही.

त्या शनिवारी दुसऱ्याच स्टेजला (स्पर्धेतल्या टप्प्याला) तेराव्या गोळीला आवाज वेगळा आला. ओल्या लवंगी फटाक्यासारखा, नुसता फट्. स्लाइड मागे आलीच नाही. पिस्तूल अडकलं की मॅगझिनला खालून थाप मारायची, स्लाइड ओढायची आणि पुढे चालू, असं सरावात हजारदा केलेलं, तेच हातांनी केलं. पुढचं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) गेलं, बोट चापावर आलं, तेवढ्यात मागून रेंज ऑफिसर ओरडले, "स्टॉप!"

पिस्तूल रिकामं करून नळी काढली. प्रकाशाकडे धरून पाहिलं तर पलीकडचं काहीच दिसेना. गोळी चेंबरपासून दोन बोटं पुढे जाऊन नळीत रुतली होती. प्रायमरच्या एकट्या जोरावर ती तेवढीच जाऊ शकली. मी चाप ओढला असता तर मागून आलेली गोळी तिच्यावर आदळली असती. नळी फुगली असती किंवा फुटली असती, माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. ऑफिसरांनी पितळी दांडीने हळूहळू ठोकून ती गोळी बाहेर काढली. मी त्या दिवशी पुढे खेळलो नाही.

माझे प्रश्न असे:

त्या पेटीत अजून ३७ काडतुसं आहेत. तोलून वेगळी काढता येतील का, की सगळी फोडायची?

ट्रे तपासायची तुमची रीत काय? हे परत होऊ नये म्हणून प्रेस बदलावा का?

त्यानंतर दोनदा रेंजवर गेलो. विकतची काडतुसं वापरूनही माझे शॉट खाली-डावीकडे जातायत. मी उजवा आहे. आवाज व्हायच्या आधीच हात आकसतो, हे मला कळतंय पण थांबवता येत नाहीये.

अजून एक. टम्बलर गॅरेजमध्येच चालतो आणि मुलगी चार वर्षांची आहे. शिशाबद्दल काळजी वाटते.

---

प्रतिसाद: डॅलसकर

तुम्ही सुखरूप आहात हे आधी वाचलं, मग बाकीचं. मी बारा वर्षं भरतोय.

पेटीतलं एकही काडतूस उडवू नका. तोलून कळणार नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या असतील तर त्यांच्याच वजनात काही ग्रेनचा फरक असतो, गोळ्यांमध्येही थोडा असतो. चार ग्रेनची दारू नाही, हे त्या फरकात लपून जातं. सगळी फोडा. प्लॅस्टिकचा हातोडा मिळतो, त्यात काडतूस अडकवून टणक जमिनीवर आपटलं की गोळी आणि दारू सुटी होते. चष्मा लावा.

पण त्याआधी एक सांगा. ती तेरावी पुंगळी सापडली का? तिच्या आत काय दिसलं? हे महत्त्वाचं आहे. काही दारूंचे कण चपट्या चकत्यांसारखे असतात आणि मेझरच्या नळीत ते कधी कधी कमानीसारखे अडकतात. तेव्हा एका पुंगळीत कमी पडते आणि अडकलेली सगळी पुढच्या पुंगळीत जाते. तसं असेल तर तुमच्या पेटीत एक जास्त भरलेलं काडतूसही आहे. अर्धवट दारू असली की नळीत आणि पुंगळीत न जळलेले कण सापडतात. काहीच नसेल तर नुसती काजळी.

---

प्रतिसाद: धागाकर्ता

धन्यवाद दादा. पुंगळी ऑफिसरांनी उचलून माझ्या हातात दिली होती, अजून जपून ठेवली आहे. आत्ता टॉर्च लावून पुन्हा पाहिली. तळाशी प्रायमरच्या भोकाभोवती काळा डाग आहे, भिंती पितळेच्या पितळेच आहेत. एकही कण नाही.

म्हणजे दारू पडलीच नाही. आणि मला आता आठवतंय. त्या रात्री भरत असताना आईचा फोन आला होता. भारतात सकाळ होती. मी फोन खांद्यात धरून बोलत राहिलो आणि हात चालूच ठेवले. मग ट्रेवर नीट नजर न टाकता गोळ्या बसवायला घेतल्या.

---

प्रतिसाद: डॅलसकर

मग कारण सापडलं. प्रेस बदलू नका, यात प्रेसचा दोष नाही.

मी असं करतो. दारू भरायच्या आधी सगळ्या पुंगळ्या ट्रेमध्ये उलट्या, तोंड खाली. भरली की तीच सुलटी, तोंड वर. मध्ये कुणी हाक मारली तरी कुठली राहिली ते डोळ्याला दिसतं. पन्नास झाल्या की टॉर्च तिरकी धरून ओळीओळीने आत पाहायचं. सगळ्यांत दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. हे झाल्याशिवाय गोळीच्या डब्याला हात लावायचा नाही. आणि फोन घरात ठेवून यायचं.

मॅगझिनला थाप मारून स्लाइड ओढायची सवय आहे, तीही सुधारा. चाप ओढल्यावर 'क्लिक' झालं तर तसं करा. पण बारीक 'फट्' झालं तर स्लाइडला हातच लावायचा नाही. शंका आली तर स्वतः थांबा. गुण गेले तर जाऊ देत.

---

प्रतिसाद: कोल्हापुरी_नेम

दादा, मी इकडे १० मीटर एअर पिस्तूल खेळते. आमच्याकडे पंचाहत्तर मिनिटांत ६० शॉट असतात, धक्का जवळजवळ नसतोच. तरी चाप ओढताना मन पुढे धावलं की शॉट तसाच जातो. त्यामुळे हात आकसण्याचं दुखणं मला ओळखीचं आहे.

तुम्ही दोन गोष्टी करून बघा. एक, घरी ड्राय फायर. आधी पिस्तूल रिकामं आहे ते दोनदा बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मग लक्ष्य न लावता कोऱ्या भिंतीकडे धरून नुसता चाप ओढा. त्या क्षणी पुढचा साइट (नळीवरची नेमाची खूण) हलतो का तेवढंच बघायचं. आमच्या सरांनी मला महिनाभर हेच करायला लावलं होतं. दुसरं, रेंजवर मित्राला सांगा की मॅगझिनमध्ये मध्येच कुठेतरी दोन-तीन डमी (न उडणारी खोटी काडतुसं) घाल. डमीवर चाप ओढलात की पिस्तुलाचं तोंड किती खाली जातं ते तुम्हालाच दिसेल. एकदा दिसलं की ते कमी व्हायला लागतं. घाई करू नका.

---

प्रतिसाद: डॅलसकर

शिशाचं राहिलं. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, वापरलेल्या पुंगळीतली काजळी आणि टम्बलरची धूळ यांतून ते पसरतं. कोरडा टम्बलर घरातून हलवा, किंवा पाणी आणि स्टीलच्या पिना वापरणारा घ्या, त्यात धूळ उडत नाही. ते पाणी स्वयंपाकघरात ओतू नका. गॅरेजची चप्पल वेगळी ठेवा, रेंजवरून आलं की कपडे थेट मशिनमध्ये, हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. मुलीची रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांकडून एकदा करून घ्या. इकडे सीडीसी (केंद्राची आरोग्य संस्था) लहान मुलांसाठी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा आकडा धरते.

---

प्रतिसाद: नवीन_सदस्य_सिनसिनाटी

जरा वेगळं विचारतो. मी एच-१बी वर आहे. मलाही शिकायचं आहे. चालेल का?

---

प्रतिसाद: डॅलसकर

ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. एच-१बी वर मात्र बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्रीय कायद्याने मनाई आहे. काही अपवाद आहेत, राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक. पण रेंजवर जायच्या आधी वकिलाला विचारा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. इथे चूक झाली तर व्हिसावर येतं.

---

प्रतिसाद: धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. टम्बलर मागच्या शेडमध्ये हलवला. मुलीच्या तपासणीची वेळ मंगळवारची मिळाली आहे.

काल रात्री ३७ काडतुसं फोडायला बसलो. फोन आत, दार बंद. एकेक फोडायचं, दारू पारड्यात ओतायची, आकडा वहीत लिहायचा. छत्तीस बरोबर निघाली, कुठेही ग्रेनच्या एक-दोन दहाव्या हिश्शांपेक्षा जास्त फरक नाही. एकोणतिसावं फोडलं तेव्हा पारड्यात काहीच पडलं नाही. पुंगळी उलटी करून बोटाने टकटक केलं, तरी काही नाही.

म्हणजे आईशी बोलत असताना एक नव्हे, दोन राहिल्या होत्या. ती पुंगळी आता पहिलीच्या शेजारी, प्रेसच्या वर फळीवर ठेवली आहे.

ताई, डमी मागवल्या आहेत. येत्या शनिवारी मित्राला मॅगझिन भरायला सांगतो आणि काय दिसलं ते इथेच लिहितो.